माउसला हात लावला की फाटक

सन २००६. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. फौजेतून हवालदार म्हणून उतरून बरीच वर्षं झाली होती. शेवटची नेमणूक जयपूरला होती, म्हणून तिथंच सोडाला भागात स्वतःचं घर बांधलं होतं, आणि रोज संध्याकाळी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचं हा माझा नेम होता. माझं शिक्षण चौथी. त्याची मला लाज नाही. फौजेत ट्रक चालवला, बर्फात चालवला, वाळूत चालवला, आणि गाडी वाटेत टाकून कधी परत आलो नाही. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तर त्या खुर्चीवर बसलो असताना एक मुलगा वरच्या मजल्यावरून धाडधाड जिना उतरून आला, फाटकाला हात लावला आणि परत वर गेला. मी म्हटलं, काही विसरला असेल. थोड्या वेळानं एक मुलगी आली. तिनंही फाटकाला हात लावला, माझ्याकडे बघून ओशाळं हसली आणि गेली. मग पुन्हा तोच मुलगा.

मी त्याला अडवलं. "क्यों भाई, फाटक में कुछ चिपका है क्या?"

"नहीं अंकलजी, सजा है. माउस पकड़ लिया था."

माउस म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आमच्या सूनबाई लग्नाआधी कॉम्प्युटर शिकलेल्या. त्यांच्या माहेरून आलेलं एक यंत्र आमच्या बैठकीत होतं. त्यावरचा बाण सरकवायला हातात धरायचं ते साबणाच्या वडीसारखं डबडं, तो माउस. तो धरला म्हणून माणसाला जिना उतरून फाटकापर्यंत पाठवायचं? मी तडक वर गेलो.

वर आमचे भाडेकरू. त्यांना मी मास्तर म्हणत असे. चाळिशीचे, सडेफटिंग, अंगानं काटकुळे. वडील विमा कंपनीत साहेब होते, नागपूरकडून बदली होऊन जयपूरला आले ते इथलेच झाले. त्यामुळे मास्तरांचा जन्म इथला, शाळा इथली, आणि मराठी अशी की निम्मी हिंदीतून उचलून आणलेली. दिवसा एका कंपनीत कामाला जात, संध्याकाळी वरच्या खोलीत चार-सहा पोरापोरींना जावा शिकवीत. जावा ही कॉम्प्युटरला हुकूम द्यायची एक भाषा. ती लिहायला एक खास सामान असतं, पडद्यावर उघडतं, आणि त्यात बटणांचे नाना जोड असतात. हे दाब, ते दाब, की काम झालं. मास्तरांचा सगळा जीव त्या जोडांत.

"काका, बसा ना," मला बघून ते म्हणाले. "मतलब असं बघा. हात इथे बटणांवर आहे. आता माउससाठी उठला, तिकडे गेला, बाण शोधला, परत आला. तोपर्यंत डोक्यात जे सोचलं होतं ते गेलं. वस्तू हाताशी असताना फाटकापर्यंत जायचं, हेच तर तो करतो. मग मी म्हणतो, जा, खरंच जाऊन ये. पायाला समजू दे."

मला पटलं होतं, पण पहिल्याच दिवशी भाडेकरूला पटलं म्हणून सांगणं बरं दिसत नाही. एवढंच म्हटलं, "फाटक हळू लावायला सांगा. रंग ताजा आहे."

खोली बघायला आले तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं की हे प्रकरण निराळं आहे. बाकीचे लोक पाणी किती वेळ येतं विचारतात, गच्ची वापरायची का विचारतात. हे खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवून बसले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "पंख्याचा स्विच लांब आहे."

"उठून लावा," मी म्हटलं.

"तेच तर नको आहे ना, काका."

राहायला आल्यावर आठ-पंधरा दिवसांत त्यांनी खोलीभर दोऱ्या बांधल्या. एक पंख्याच्या बटणाला, एक खिडकीला, आणि एक दाराच्या कडीला, वर गोल चाकावरून फिरवून आणलेली. बसल्या जागी ती ओढली की कडी निघायची. पहिल्या दिवशी दूधवाला भैया वर गेला, कडी वाजवली, तर दार आपोआप उघडलं आणि समोर कोणी नाही; मास्तर पलीकडच्या कोपऱ्यात पाठमोरे. भैया दूध तिथंच ठेवून खाली आला आणि मला हात जोडून म्हणाला, "फौजीजी, ऊपर हवा ठीक कोनी." म्हणजे वर काहीतरी बाहेरचं आहे. त्यानंतर महिनाभर त्यांचं दूध आमच्याच घरात यायचं. मास्तरांना त्याचंही काही नाही. उलट म्हणाले, आता दूध घ्यायला दारापर्यंत पण जावं लागत नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "हाताचं घर बटणांवर. हात घरी तर डोकं घरी." हे ते पोरांना सांगत, दूधवाल्याला सांगत, आमच्या मंडळींनाही सांगितलं. मंडळी म्हणजे माझी बायको. तिच्या हातचं पिठलं खायला आले होते. जेवता जेवता स्वयंपाकघराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काकी, मिठाचा डबा गलत जागी आहे. तुम्ही प्रत्येक वेळी वळता."

बायको म्हणाली, "तीस वर्षं वळतेय. मान मोडली नाही अजून. तुम्ही भाकरीकडे लक्ष द्या."

"तीस वर्षं वळलात, तेच बोलतो आहे मी."

"अहो, ह्यांना सांगा काहीतरी," ती माझ्यावर घसरली. मी काय सांगणार? मी जेवत होतो. पुढच्या आठवड्यात मिठाचा डबा शेगडीच्या उजव्या हाताला आला. मी पाहिलं, पण विचारलं नाही. इतक्या वर्षांचा संसार असाच होतो.

संक्रांतीला जयपूर सगळं गच्चीवर असतं. पतंगाशिवाय आभाळात दुसरं काही दिसत नाही, आणि सगळ्यांच्या माना वर. मास्तरांनी आमच्या गच्चीवर खाट टाकली, उताणे झोपले, मांजा छातीवर घेतला आणि झोपल्या झोपल्या पतंग उडवला. म्हणाले, मान वर करून खाली करायची म्हणजे दुप्पट काम. शेजारची पोरं हसून हसून बेजार झाली. तिसऱ्या प्रहरापर्यंत त्याच पोरांचे पतंग ह्यांनी एकेक करून कापले. मग पोरं घरोघरी खाटा मागायला गेली.

असा माणूस. पुढे दोन-तीन वर्षांनी पुण्याकडे त्यांना नोकरी लागली आणि ते गेले. दाराची दोरी तशीच राहिली. नंतरच्या भाडेकरूनं ती कपडे वाळत घालायला सोडवली तेव्हा मी त्याला असं काही बोललो की त्यानं ती परत चाकावर चढवली. पण मला सांगायचं ते त्याच्या आधीचं आहे.

संध्याकाळी वर्ग भरला की त्यांचा आवाज खाली माझ्या खुर्चीपर्यंत यायचा. परेडच घ्यायचे म्हणा ना. "कंट्रोल आणि स्पेस!" म्हटलं की पोरांनी अर्धा शब्द लिहून सोडायचा, पुढचा यंत्र पुरा करतं. "कंट्रोल आणि एक!" म्हणजे चुकलेल्या ओळीवर उभं राहून विचारायचं की बाबा, ह्यावर उपाय काय, यंत्र उपाय दाखवतं. "ऑल्ट आणि वरचा बाण!" म्हणजे अख्खी ओळ उचलून वरच्या जागी. एखाद्या गोष्टीचं नाव बदलायचं तर पन्नास ठिकाणी जाऊन बदलू नका, "ऑल्ट, शिफ्ट, आर!" एका ठिकाणी बदला, बाकीच्या सगळ्या जागा आपोआप बदलतात. हे शेवटचं मला फार आवडलं. फौजेत माझं नाव कागदोपत्री चुकीचं लागलं होतं, ते सुधारता सुधारता माझी अर्धी नोकरी गेली.

एकदा पोरं बटणांकडे बघून बोटं टाकत होती आणि मास्तर वैतागले होते. मी खालूनच ओरडलो, "अरे, गिअर टाकताना ड्रायव्हर खाली बघतो का?"

वरची बटणं वाजायची थांबली. मग मास्तर जिन्यात आले. आनंदानं चेहरा असा फुललेला की जणू मी त्यांना शर्यत जिंकून दिली. "काका! ये बात! मी दहा वर्षांपासून हे शोधत होतो!" तेव्हापासून ते वाक्य प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी सांगत. ते वाक्य माझं आहे. पुण्यात अजून सांगत असतील तरी माझंच आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. मास्तर नुसते जोड शिकवीत नव्हते. त्यांनी ते बदलले होते. त्यांचं म्हणणं, सामान बनवणाऱ्यांनी बटणं सोचून लावलेलीच नाहीत. जावा लिहिताना सारखं बघावं लागतं की अमुक गोष्ट मुळात कुठे लिहिली आहे. तिथे उडी मारायला पार वरच्या रांगेतलं एक बटण दिलेलं. म्हणजे हात घर सोडून वर. मास्तरांनी ती उडी खाली आणली, कंट्रोल आणि डी वर, मधल्या मजबूत बोटाखाली. असे वीसेक जोड त्यांनी आपल्या मापाचे करून घेतले होते. वर्गातल्या सगळ्या यंत्रांवर हीच मांडणी. आणि जो शिकून नोकरीला लागेल त्याला लाल दोरा बांधलेली पेन-ड्राइव्ह द्यायची; त्यात ही मांडणी भरलेली. ऑफिसात गेल्यावर ती खोचायची, आत घ्यायची, की तिथलं यंत्रही मास्तरांच्या हाताचं होतं.

मला ते सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "बरोबर केलंत." मी स्वतः माझ्या ट्रकच्या क्लचला लाकडाचा ठोकळा बांधून घेतला होता, पाय बरोबर बसावा म्हणून. बदली ड्रायव्हर बसला की गाडी युनिटच्या दारातच बंद पडायची. आम्ही हसायचो. गाडी आपली आहे तोवर ठोकळा चांगलाच.

सूनबाई त्या वर्गाला जायला लागल्या ते माझ्या मंडळींच्या जोरावर. माझा मुलगा फौजेत, तेव्हा आसामकडे होता. नातू शाळेत जायला लागला होता. सूनबाईंना नोकरी करायची होती. त्याआधी दोन ठिकाणी जाऊन आल्या. दोन्हीकडे विचारलं, लग्नानंतर इतकी वर्षं काय करत होता? एका ठिकाणी तर "फोन करू" म्हणून बसवलं आणि तो फोन आलाच नाही. ती पोर आठ दिवस फोनच्या आसपास कपड्यांच्या घड्या घालत होती. ते मला बघवेना. माझा स्वभाव असा की आमच्या घरातलं माणूस कोणाच्या दारात दोनदा उभं राहत नाही. माझा बाप राहिला नाही, मी राहिलो नाही.

म्हणून जेव्हा तिलक नगरच्या एका कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं, "एकदा जा. यंत्रावर बसवून परीक्षा घेणार आहेत ना? जमलं तर जन्मभर कर. नाही जमलं तर परत कोणाच्या दारात जायचं नाही आणि ह्या घरात नोकरीचं नाव काढायचं नाही."

बायको म्हणाली, "असं काय बोलता?"

"बोललो ते बोललो."

सूनबाई म्हणाल्या, "चालेल, मामंजी." माझ्याकडे बघून म्हणाल्या, खाली बघून नाही. मला ते आवडलं.

त्या दिवसापासून ती पोर वर्गात अशी बसायची की बाकीची जातील पण ही उठायची नाही. मास्तर माझ्याजवळ म्हणाले, "काका, ह्यांनी फाटक बघितलाच नाही आहे अजून. एकदा पण नाही." फाटक त्यांच्या मराठीत पुल्लिंगी होतं. मी चार वेळा सुधारलं, मग सोडून दिलं.

परीक्षेच्या दिवशी मी स्वतः स्कूटरवरून तिला तिलक नगरला नेलं. कंपनीच्या दारात पहारेकरी होता, मोठ्या मिशांचा. पर्स उघडायला लावली. आत लाल दोऱ्याची पेन-ड्राइव्ह.

"बाईसा, या अंदर कोनी जावै. अठै ही रखनी पड़ेगी." म्हणजे ती आत न्यायची नाही, इथंच ठेवायची.

सूनबाईंचा चेहरा उतरला. "भैया, इसमें कुछ नहीं है. सिर्फ सेटिंग है."

"हुकम है जी."

ती माझ्याकडे वळली. "मामंजी, सरांची सगळी मांडणी ह्यात आहे. तुम्ही जरा बोला ना ह्यांच्याशी. तुमचं ऐकतील."

त्यानं ऐकलंही असतं कदाचित. पण तो आपल्या जागेवर उभा होता आणि त्याला हुकूम होता. पहाऱ्यावरच्या माणसाला हुकूम मोडायला सांगायचं, हे माझ्याच्यानं झालं नसतं आणि होणारही नाही. मी म्हटलं, "देऊन टाक. नियम म्हणजे नियम. जे शिकलीस ते काय दोऱ्याला बांधलेलं आहे?"

तिनं दिली आणि आत गेली. मी दारासमोर स्कूटरला टेकून उभा राहिलो. ऊन चांगलं तापलं होतं. पहारेकऱ्यानं स्टूल देऊ केलं, मी नको म्हटलं. तास होऊन गेला. ती बाहेर आली, पेन-ड्राइव्ह घेतली, स्कूटरवर बसली. मी विचारलं नाही. अजमेर रोडला लागलो. मग पाठीमागून म्हणाली, "दोन चुका शोधून दुरुस्त करायच्या होत्या, मामंजी. एकच झाली."

घरी आल्यावर तिनं मंडळींना सांगितलं ते मी बैठकीतून ऐकलं. दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं, मुद्दाम बिघडवलेलं काम पुढ्यात ठेवलं होतं. ही गोष्ट मुळात कुठे लिहिली आहे बघावं म्हणून तिनं सवयीनं कंट्रोल आणि डी दाबलं. उडी मारायच्या ऐवजी समोरची ओळच उडाली. तिला वाटलं, हीच ती बिघडवलेली जागा असेल. पुन्हा दाबलं, पुढची ओळ गेली. मग उमगलं की ह्या यंत्रावर मांडणी मूळची, सामान बनवणाऱ्यांची आहे, मास्तरांची नाही, आणि तिथं डी म्हणजे ओळ पुसणं. जे सगळ्यात जास्त वेळा दाबायला बोटं शिकली होती, तेच घात करत होतं. गेलेल्या ओळी परत आणल्या. पण बोटं ऐकेनात. मन म्हणे नको, बोट जाई डी वर. शेवटी तिनं हात मांडीखाली दाबून धरले, सगळं डोळ्यांनी वाचलं, मग माउस घेतला. एक चूक दुरुस्त झाली. दुसरी सापडली होती, पण वेळ संपला. तिनं फक्त साहेबांना तोंडी सांगितलं की ती अमुक ठिकाणी आहे.

"मग झालं की," बायको म्हणाली.

"झालं नाही, आत्याबाई. करून दाखवायचं होतं." आणि वर, "मामंजींनी सांगितलंय ते सांगितलंय. माझी काही तक्रार नाही."

ऐकवत नव्हतं म्हणून मी उठून पाणी प्यायला निघालो. दोघी मागच्या अंगणात गेल्या आणि फोन वाजला. मी उचलला.

"मैडम से बात हो जाएगी?" कंपनीचा माणूस होता.

"मैं ससुर बोल रहा हूँ. बोलिए."

तो म्हणाला, काम अर्धं झालं, पण दुसरी चूक त्यांनी बरोबर सांगितली. हात तेवढा चालला नाही. आणि पुसलेली प्रत्येक ओळ जशीच्या तशी परत आणली, ते साहेबांनी पाहिलं. कल सुबह एक बार फिर बिठाके देख लेते हैं. भेज देंगे?

माझ्या तोंडून निघालं, "पूछ के बताता हूँ." फोन ठेवला. आयुष्यात मी कोणाला पूछ के बताता हूँ म्हटलं नव्हतं.

मी बाहेर जाऊन खुर्चीवर बसलो. कोणाला काही सांगितलं नाही. शब्द माझा होता. एकदा म्हणजे एकदा. परत त्याच दारात, त्याच पहारेकऱ्यापुढे पर्स उघडून उभं राहायचं? मी बोललेलं मागं घेतलं तर उद्या ह्या घरात माझ्या बोलण्याला किंमत काय? आणि नाही घेतलं तर ती पोर "चालेल मामंजी" म्हणून गप्प बसणार, हेही मला माहीत होतं. तिनं रडून गोंधळ घातला असता तर मला सोपं गेलं असतं.

मास्तर कंपनीतून आले तेव्हा दिवस कलला होता. नेहमी ते फाटकातून थेट जिन्याकडे जात, सरळ रेषेत, इकडेतिकडे न बघता. त्या दिवशी सूनबाईंनी ओट्यावरच गाठून त्यांना सगळं सांगितलं. मी पाठमोरा होतो, पण ऐकत होतो. मग पावलं माझ्याकडे आली. जिना सोडून, वळसा घालून. माझ्या खुर्चीसमोर ते खाली जमिनीवरच बसले.

"काका, गलती माझी आहे."

मी पाय जवळ घेतले.

"मतलब, मी त्यांना शिकवलं, पण माझ्या घरात चालायला शिकवलं. बाहेर नाही. मला वाटायचं माझी मांडणी जास्त चांगली आहे. आहे पण चांगली. पण..." पुढचं मराठी त्यांना सापडेना. "पण ती त्यांच्या हातातून छीन ली, तर मग हातात काय राहिला? हे मी सोचलंच नाही. त्यांचा पेपर माझ्यामुळे गेला. तुम्ही त्यांना काही बोलू नका. मला बोला. खोली पाहिजे तर खाली करतो."

मी त्या माणसाकडे नीट बघितलं. पंख्यासाठी न उठणारा माणूस, मातीत बसला होता.

फौजेत आमच्याकडे एक रीत होती. रंगरूटानं, म्हणजे नव्या भरतीच्या पोरानं, शिकताना गाडी ठोकली, तर साहेब पहिल्यांदा विचारायचे, "उस्ताद कौन है?" उस्ताद पुढे यायचा. शिकवण्यात खोट निघाली तर शिक्षा उस्तादाला, आणि रंगरूटाची ती फेरी धरायचीच नाही. दुसऱ्या दिवशी तो नव्यानं बसायचा, पहिलीच फेरी म्हणून. पण उस्ताद स्वतः पुढे आला पाहिजे. ढकलून आणलेला चालत नाही. मी पुष्कळ उस्ताद पाहिले, आपणहून पुढे येणारे थोडे.

मी उठलो. "मास्तर, उठा. कपडे झाडा. सूनबाई, बाहेर ये."

ती आली, बायकोही आली.

"आजची परीक्षा धरायची नाही," मी म्हटलं. "उस्तादानं चूक कबूल केली आहे. माझा शब्द एका परीक्षेचा आहे, आणि ती उद्या सकाळी आहे. कंपनीचा फोन आला होता."

"कधी?" बायको ओरडली.

"आला होता कधीतरी."

"आणि तुम्ही इथं फाटकाला पाठ लावून बसलात?"

"तू आत जा. चहा ठेव." मी कंपनीला फोन लावला आणि म्हटलं, "आ जाएगी. साढ़े नौ." मग मास्तरांना म्हटलं, "तुमची खोली खाली करायची गरज नाही. यंत्रं खाली करा. सगळी तुमची मांडणी काढा आणि मूळची घाला."

"सगळी?" त्यांचा आवाज एवढासा झाला.

"सगळी."

दिवेलागणीपासून जेवणाची पानं वाढेपर्यंत वर दोघं बसली होती. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर. त्या दिवशीची मजा मी विसरणार नाही. वर्षानुवर्षं आपल्याच मांडणीनं चालवलेली बोटं; मास्तर सूनबाईंपेक्षा जास्त चुकत होते. डी दाबायचे, ओळ उडायची, कपाळावर हात मारायचे.

"सर, वरचं बटण. एफ तीन," सूनबाई म्हणायच्या.

"हां हां, माहीत आहे."

"परत डी दाबलंत."

"माझ्या बोटानं दाबला. मी नाही दाबला." आणि उठून जिन्याकडे निघाले.

"कुठे निघालात?"

"फाटक."

"बसा हो सर गुपचूप, वेळ नाहीये आपल्याकडे." आणि मास्तर बसले, पोरासारखे. तिनं त्यांना एक युक्ती सांगितली, तिची स्वतःची: घाई करायची नाही, प्रत्येक जोड दाबायच्या आधी तोंडानं पुटपुटायचा, म्हणजे बोटाला थांबावं लागतं. दोघं पुटपुटत होती, शेजारी शेजारी, जप केल्यासारखी. हळूहळू तिचं पुटपुटणं थांबलं आणि नुसती बटणं वाजायला लागली. मास्तरांचं मात्र चालूच. बायकोनं जेवायला हाक मारली तेव्हा ते म्हणाले, "काकी, आज ह्यांनी मला शिकवला." मग माझ्याकडे वळून, "काका, उद्या मी येऊ का सोबत?"

"नाही," मी म्हटलं. "तिची परीक्षा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, फौजेतला पट्टा बांधला, स्कूटर पुसली. सूनबाई रिकाम्या पर्समध्ये फक्त रुमाल घेऊन मागे बसली. तिलक नगरला तोच पहारेकरी उभा होता. ती उतरली, पदर नीट केला आणि मी स्कूटर स्टँडला लावायची वाट बघत उभी राहिली. मी इंजिन बंदच केलं नाही.

"थांबणार नाही का, मामंजी?"

"येताना बसनं ये," मी म्हटलं. "थांबा कुठे आहे ते विचारून ठेव. रोज कोण आणायला येणार?" आणि मागं न बघता स्कूटर वळवून निघालो.